सुती दोरा

तिळगुळाचा डबा अजून पुरता रिकामा झालेला नसतो, तोच बेळगावकरांचे डोळे आकाशाकडे लागतात. गेल्या काही वर्षांत या शहरात जानेवारी महिन्यात आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरू लागला आहे. परिवर्तन परिवार या संस्थेच्या पुढाकाराने होणारा हा सोहळा काही वर्षी नानावाडीच्या बाजूला मोकळ्या मैदानावर झाला. अहमदाबादेत असा महोत्सव १९८९ पासून होत आला आहे. त्या मानाने बेळगावचा हा उत्सव तरुणच. पण गर्दीत तरुणांइतकेच म्हातारे आणि कडेवरची मुलेही असतात.

या गर्दीतले एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. निपाणीहून सकाळच्या बसने निघालेले, संकेश्वर मागे टाकून सुमारे ७५ किलोमीटरचा प्रवास करून आलेले. आई, वडील, नऊ वर्षांचा मुलगा आणि आज्जी. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा. मुलाच्या हातात मात्र पिशवी नाही. त्याच्या एका हातात कागदी पतंग आहे आणि दुसऱ्या हातात नवी कोरी फिरकी.

मैदानावर पोचताच मुलगा थबकतो. वर मासे पोहत आहेत, एक अष्टपाद आपले लांबलचक पाय हलवीत आहे. या पतंगांना बांबूची कामटी नसते. कापडाच्या पोटात वारा शिरावा म्हणून पुढे तोंड ठेवलेले असते. वारा भरला की पतंग फुगतो आणि आकार धरतो. त्याची ओढ एवढी मोठी की दोर जमिनीत पक्क्या ठोकलेल्या खुंटाला बांधावा लागतो. ध्वनिक्षेपकावरून कोणी कन्नडात ‘गाळिपट’ म्हणतो, खाली उभे असलेले मराठीत ‘पतंग’ म्हणतात. वरच्या माशाला दोन्ही नावे सारखीच.

“पण हा धरलाय कुणी?” मुलगा विचारतो. कोणीच नाही, असे वडील सांगतात. मुलाचा चेहरा उतरतो. जो हाताला ओढत नाही तो कसला पतंग, असे त्याला वाटत असावे. आणि त्यात तो फारसा चुकतो असे म्हणता येत नाही. शीख पंथाच्या गुरु ग्रंथसाहिबात संत नामदेवांची जी पदे आहेत, त्यांतील एकात पतंग उडविणाऱ्या मुलाचा दृष्टांत येतो. सोबत्यांशी बोलत असला तरी त्याचे चित्त दोऱ्यापाशी असते. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलाचा दोराही हातातच होता.

मैदानाच्या कडेला, जिथे गर्दी विरळ आहे, तिथे मुलगा आपल्या पतंगाची कण्णी बांधू लागतो. आज्जी मदतीला बसते. तिने तीस वर्षे विड्या वळल्या आहेत. निपाणीतल्या कितीतरी घरांप्रमाणे तिच्याही घरी कात्री, पाने, तंबाखू आणि दोऱ्याचे रीळ यांच्या संगतीत दिवस गेले. डोळे आता साथ देत नाहीत, पण दोरा बोटांना कळतो. फिरकीवरचे टोक ती चिमटीत धरते, किंचित ओढते आणि थांबते.

“हे सूत न्हवं रं. तुटंना हे.”

“तुटायचं नाहीच, आज्जी. म्हणून तर घेतला.”

वडील दुसरीकडे पाहतात. हट्टापुढे हार मानून पैसे त्यांनीच दिलेले असतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, हे त्यांना ठाऊक नाही असे नाही. सुती दोरा झाडावर अडकला तर पावसापाण्याने कुजतो. नायलॉनचा तसाच लोंबत राहतो आणि घारी-वटवाघळे त्यात पंख गुरफटून मरतात. मोटारसायकलवरून जाणाऱ्याच्या गळ्याशी तो आला, तर दोरा तुटत नाही. गळा कापला जातो. मैदानाला लागूनच रस्ता आहे आणि त्यावरून दुचाक्यांची रीघ चालली आहे.

आज्जीला न्यायाधिकरण माहीत नाही. ती आपले बोट पुढे करते. नुसत्या ओढण्याने त्यावर लाल रेघ उमटलेली असते. “तिकडं बघ,” ती रस्त्याकडे मान करते. एक बाई पुढे लहान मूल उभे करून स्कूटर चालवीत जात असते.

मुलगा बराच वेळ बोलत नाही. “मग पेच कसा लावायचा?” तो शेवटी विचारतो. त्याच्या दृष्टीने प्रश्न मोठा आहे. निपाणीच्या गल्लीत ज्याचा पतंग कापला जातो त्याला संध्याकाळपर्यंत ऐकून घ्यावे लागते. आज्जीजवळ याला उत्तर नसते. वडील मात्र उठतात आणि साधा सुती दोरा घेऊन येतात, काच न लावलेला. फिरकीवरचा नायलॉन काढून दुसरा गुंडाळण्यात अर्धा तास जातो. आई तेवढ्यात सर्वांना भाकरी वाढते.

पतंग पहिल्यांदा गोता खातो. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी वारा मिळतो, वडील ढील द्यायला सांगतात, आणि तो लहानसा कागद मोठ्या माशाच्या शेपटीखाली जाऊन स्थिरावतो. मुलगा आता कोणाशी बोलत नाही. मध्येच तो दोरा आज्जीच्या हाती देतो. ती घाबरून “नको, नको” म्हणते आणि तरीही सोडीत नाही.

उन्हे कलताना वारा वाढतो आणि सुती दोरा तुटतो. पतंग रस्त्यापलीकडच्या घरांवरून दूर निघून जातो. मुलगा कुंपणापर्यंत धावतो, थांबतो, परत येतो.

काढलेला नायलॉन आज्जीने भाकरीच्या फडक्यात बांधून घेतला आहे. मैदानात टाकायला ती तयार नाही. परतीच्या बसमध्ये मुलाला कुंद्याचा तुकडा मिळतो. तो डाव्या हाताने खातो. उजव्या हाताच्या बोटावर दोऱ्याने पडलेली पांढरी खूण तो खिडकीच्या उजेडात पुन्हा पुन्हा पाहत असतो.