मोटर पुन्हा सुरू करण्याआधी

आदरणीय गुरुजन आणि १९७८ च्या दहावीच्या माझ्या सगळ्या सोबत्यांनो,

संयोजकांनी बजावलं होतं, प्रत्येकानं आपल्या कामातलं काहीतरी सांगायचं, आणि थोडक्यात. आपल्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, उत्तम शेती करणारे आहेत. मी आयुष्यभर मोटरी सांभाळल्या. विहिरीवरच्या नव्हेत, उपसा सिंचनाच्या पंपहाऊसमधल्या, छातीएवढ्या उंच. त्यांतली एक मी स्वतः जाळली. आज तिचीच गोष्ट सांगतो.

१९९२ चा एप्रिल. तीन हजार तीनशे व्होल्टवर चालणारी अडीचशे किलोवॅटची मोटर, वीस वर्षं जुनी, एकदा रिवाइंडिंग झालेली. सकाळपासून ती पूर्ण लोडवर चालू होती. दुपारी वीज गेली आणि दहा मिनिटांनी आली, पण व्होल्टेज पडलेलं. बटन दाबलं. मोटर घुमली, पण वेग घेईना. रिले पडला. पाच मिनिटं थांबून रिले रीसेट केला, पुन्हा दाबलं. पुन्हा ट्रिप. बाहेर शेतकरी उभे होते, ऊस वाळत होता. एक म्हातारबाबा म्हणाले, "सायेब, आनखी एकदा बघा की." मी तिसऱ्यांदा दाबलं. मग चौथ्यांदा. चौथ्या वेळी तो वास आला. वार्निश जळाल्याचा वास ज्यानं एकदा घेतला, तो विसरत नाही.

लॉगबुकात मी लिहिलं, 'दोन वेळा चालू करण्याचा प्रयत्न केला.'

आता यात चुकलं काय? विज्ञानाच्या सरांनी आपल्याला ज्यूलचा नियम शिकवला होता, आठवतो का? उष्णता ही विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मला त्याचे पूर्ण गुण मिळाले होते. ही मोटर चालताना पन्नास-पंचावन्न अँपिअर घ्यायची आणि थेट सुरू होताना त्याच्या सहापट. सहाचा वर्ग छत्तीस. म्हणजे सुरू होण्याच्या त्या काही सेकंदांत वाइंडिंगमध्ये छत्तीसपट वेगानं उष्णता तयार होते. पंखा मोटरच्याच शाफ्टवर, त्यामुळे नेमका तेव्हाच वारा नसतो. त्यात व्होल्टेज कमी असलं की मोटरचा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ते सेकंद लांबतात.

रोटरचं तर आणखी वेगळं. फिरणाऱ्या भागांना पूर्ण वेग देण्यासाठी जेवढी ऊर्जा लागते, निदान तेवढीच ऊर्जा दर वेळी रोटरच्या सळ्यांमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणून सॉफ्ट स्टार्टर बसवला की कितीही वेळा सुरू करा, हा समज खोटा आहे. त्यानं धक्का कमी होतो, लाइनवरचा ताण कमी होतो. रोटरच्या वाट्याची उष्णता टळत नाही.

आणि माझी सर्वांत मोठी चूक म्हणजे मी रिलेवर विसंबलो. जुना थर्मल रिले म्हणजे तळहाताएवढी वस्तू, ती पाच मिनिटांत निवते. दोन-तीन टनांची मोटर पाच मिनिटांत निवत नाही. रिले रीसेट झाला याचा अर्थ रिले थंड झाला, मोटर नव्हे. बाहेरून हात लावूनही कळत नाही, कारण तापलेला रोटर आत असतो.

मोठ्या मोटरींचा सर्वसाधारण नियम साधा आहे. मोटर पूर्ण थंड असेल तर लागोपाठ दोनदा सुरू करावी, मध्ये ती आपोआप पूर्ण थांबू द्यावी. चालून गरम झालेली असेल तर एकदाच. त्यापुढे निवायला पुरेसा वेळ द्यायचा, तो कंपनीच्या पुस्तकात पाहायचा. मोटर जुनी असेल तर याहून कडक राहावं. इन्सुलेशन ठिसूळ झालेलं असतं, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. रोटरच्या सळ्या हजारो वेळा तापून-निवून सांध्यांशी थकलेल्या असतात. पंपाच्या बाबतीत आणखी एक पाहायचं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल तर मागे येणारं पाणी पंप उलटा फिरवतं. त्या स्थितीत बटन दाबणं म्हणजे दुप्पट गुन्हा.

मोटर रिवाइंडिंगला गेली. दुकानातल्या वयस्क मिस्त्रींनी ती उघडली. रोटरच्या टोकाची कडी उष्णतेनं निळी पडली होती, दोन सळ्या सांध्याशी तडकल्या होत्या. त्यांनी बोट ठेवून मला दाखवलं आणि हळूच विचारलं, "किती वेळा दाबलंत?" मी म्हटलं, "दोनदा." ते काही बोलले नाहीत, चहा मागवला. चहा पिताना मात्र म्हणाले, "दोनदात असं होत नाही, साहेब. खरं सांगा, म्हणजे दुरुस्ती कुठवर करायची ते मला कळेल."

मी खरं सांगितलं. परत आल्यावर लॉगबुकातला दोनाचा आकडा खोडून चार केला, शेजारी सही केली. मेमो मिळाला, तो रास्तच होता. मोटर पाच आठवड्यांनी आली. तोवर टोकाकडच्या शेतांतला ऊस गेला. त्या म्हातारबाबांचाही. ते नंतर भेटायचे, बोलायचेही, पण मोटरीचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत जिथे जिथे बदली झाली, तिथे स्टार्टरशेजारी एक पाटी टांगली: शेवटचं स्टार्ट किती वाजता, आजचं कितवं, पुढचं किती वाजल्यानंतर. खडूनं लिहायचं, जो दाबेल त्यानं. 'आणखी एकदा' म्हणणाऱ्याला मी ती पाटी दाखवायचो. माझं न ऐकणारी माणसंही पाटीवरची वेळ मानायची.

सर, तुमचा नियम परीक्षेत बरोबर लिहिला होता. तो समजायला चौदा वर्षं आणि एक मोटर लागली. आपल्यापैकी ज्यांचे कारखाने आहेत, जिनिंग आहे, पाणीपुरवठ्याची कामं आहेत, त्यांनी गेल्यावर एवढंच करावं: स्टार्टरशेजारी पाटी आहे का पाहावं. नसेल तर उद्याच लावावी, आणि तिच्यावर खरा आकडा लिहिणाऱ्याला कधी रागावू नये.