'ढ' ठरविलेली मुले
(माकणी येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ताच या व्यासपीठावर आपल्या समाजातील गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. त्यांस मिळालेला मान सर्वथा योग्यच होय. मात्र ज्यांची नावे या यादीत कधीच यावयाची नाहीत, अशा काही मुलांविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही कार्यकारी मंडळाकडे मागितली व मंडळाने ती दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

बोपदेवाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. विद्या येत नाही म्हणून गुरुगृह सोडून निघालेला मुलगा विहिरीच्या काठी बसला, घागरी ठेवून ठेवून दगडास पडलेला खळगा त्याने पाहिला, आणि दगड झिजतो तर आपली बुद्धी का नाही, असे मनाशी म्हणून तो परतला. शिक्षक असताना ही गोष्ट आम्ही किती वेळा सांगितली याची गणती नाही. तात्पर्य एकच सांगत असू : घोका, आणखी घोका. परंतु याच बोपदेवाने पुढे काय केले, ते मात्र सांगावयाचे राहून जाई. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या आश्रयास असलेल्या या पंडिताने 'मुग्धबोध' नावाचे व्याकरण रचिले. मुग्ध म्हणजे अजाण. अशांस बोध व्हावा म्हणून त्याने पाणिनीहून सोपी वाट घालून दिली. स्वतः ठेच खाल्लेल्या माणसाने मागून येणाऱ्यांसाठी रस्ता बदलला, हे तात्पर्य आम्हांस फार उशिरा उमगले.

शाळेत मागे पडणाऱ्या मुलास आपण 'ढ' म्हणतो. ब्राह्मी लिपीपासून आजवर इतर अक्षरे बदलली, ढ तेवढा जवळजवळ तसाच राहिला, म्हणून हे नाव पडले असे जाणते सांगतात. सुमारे ४० वर्षांपूर्वी आमच्या वर्गात असाच एक 'ढ' होता. तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गोष्ट एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी सांगे. मात्र फळ्यावर 'कमल' लिहावयास सांगितले तर 'कलम' लिही, वेलांटी भलत्याच अक्षरास देई, जोडाक्षर आले की थांबे. हा आळस आहे असे ठरवून आम्ही त्यास छडी मारली, आणि सर्व वर्गासमोर हसे केले. सातवीनंतर तो शाळेत आला नाही. आज तो विहिरीवरच्या मोटारी नामांकितपणे दुरुस्त करतो, परंतु पावती वाचण्याची वेळ आली की चष्मा घरी विसरल्याचे निमित्त सांगतो. ही हकीकत सांगण्यास त्याची संमती आहे. तो म्हणाला, "गुरुजी, नाव तेवढं घेऊ नका. ज्याला कळायचंय त्याला कळंल."

अशा मुलाची नोंद इंग्लंडातील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टराने १८९६ साली केली होती. चौदा वर्षांचा हा मुलगा हुशार होता, खेळांत मागे नव्हता, अंकगणितही करी, परंतु वाचणे त्यास जमेना. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत पहिला आला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. तत्पूर्वी १८७७ मध्ये कुसमाउल या जर्मन वैद्याने 'शब्दांधता' हा शब्द वापरला होता आणि १८८७ मध्ये बर्लिन नावाच्या नेत्रवैद्याने 'डिस्लेक्सिया' हे नाव दिले होते. पुढे १९६३ साली शिकागो येथे जमलेल्या पालकांसमोर सॅम्युअल कर्क यांनी 'अध्ययन अक्षमता' ही संज्ञा मांडली. ही संज्ञा पालकांच्या सभेत रुजली, हे आपल्यासारख्या मेळाव्याने ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

आपल्या प्रांतात प्रथम सोय झाली ती मतिमंद मुलांची. मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा निघाली आणि पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी 'कामायनी' सुरू केली. ही कार्ये थोर आहेत. परंतु येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. अध्ययन अक्षम मुलाची बुद्धी मंद नसते. वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादी वाट त्याच्या मेंदूस अवघड जाते, एवढेच. यामुळेच तो दोन्हीकडून वंचित राहिला. मतिमंदांच्या शाळेत त्याचे स्थान नव्हते आणि साध्या शाळेत तो आळशी ठरला. १९९५ च्या अपंगांविषयीच्या केंद्रीय कायद्याने सात प्रकार मानले, त्यांत तो नव्हता. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मानले, तेव्हा कोठे त्याचे नाव आले.

महाराष्ट्र या बाबतीत अगोदर जागा झाला, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. १९९६ साली शासनाने शालान्त परीक्षेत या मुलांस सवलती दिल्या : जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांची माफी, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. परंतु प्रमाणपत्र देणारी रुग्णालये आरंभी मोजकीच आणि मोठ्या शहरांत. माकणीच्या शेतकऱ्याने रात्रभर प्रवास करून मुंबईस मुलगा न्यावा, ही अपेक्षा कागदावरच राहिली. शिवाय तपासणीची साधने बहुधा इंग्रजी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली मराठीसह काही भारतीय भाषांत चाचण्या तयार केल्या, तेव्हा आपल्या काना-मात्रांच्या चुका आपल्याच भाषेत तपासता येऊ लागल्या.

उपाय मात्र आपणांस अगदी परके नाहीत. अशा मुलांस शिकविणारे शिक्षक अक्षर डोळ्यांनी पाहावयास, तोंडाने उच्चारावयास आणि त्याच वेळी वाळूत बोटाने गिरवावयास लावतात. आमच्या आज्याने धूळपाटीवर धुळाक्षरे अशीच गिरविली होती. पाटी-पेन्सिल आली आणि बोट मागे पडले.

याबरोबर एक इशारा देणे भाग आहे. मागे पडणारे प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नव्हे. १९४८ पूर्वी हा जिल्हा निजामाच्या राज्यात असताना वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होई. त्या काळी अडखळलेल्या मराठी मुलांच्या मेंदूत काही उणे नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात शिकलेली मुलेही या व्याख्येत बसत नाहीत. आज हौसेने इंग्रजी शाळेत घातलेले मूल घुटमळले तर प्रथम भाषेचा विचार करावा. निदान तज्ज्ञांनीच करावयाचे असते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आठ वर्षांखालील मुलास हे प्रमाणपत्र न देण्याचे ठरले, यामागेही हीच सावधगिरी होती.

आता घरची गोष्ट. वर सांगितलेल्या आमच्या त्या विद्यार्थ्याचा धाकटा मुलगा सहावीत असताना त्याची वही आमच्या हाती आली. तेच 'कलम', तीच भरकटलेली वेलांटी. ही अडचण पुष्कळदा कुळात उतरते. आम्ही तपासणीचे सुचविले, तेव्हा बाप हात जोडून म्हणाला, "गुरुजी, पोरीचं ठरायलंय. आत्ता त्या कागदाचं नाव काढू नका." आम्ही गप्प बसलो. मुलीचे लग्न यथाकाल पार पडले, मग तपासणी झाली, प्रमाणपत्रही मिळाले. मध्ये दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत मुलाने वही उघडणेच सोडले होते.

त्या बापाचा दोष आम्ही म्हणत नाही. सोयरीक जुळविताना घराण्याची चौकशी आपणच करतो, वधूवरांच्या याद्या आपलेच मंडळ छापते, आणि "त्यांच्या पोराला काहीतरी आहे" हे वाक्यही आपल्याच ओसरीवर बोलले जाते.

म्हणून आमची मागणी लहानशीच आहे. मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात गुणांच्या टक्केवारीची अट आहे. प्रमाणपत्रधारक विद्यार्थ्यांपुरती ती काढावी, त्यांचे अर्ज चिटणीसांनी स्वतःकडे बंद पाकिटात ठेवावेत, आणि तपासणीसाठी जाण्या-येण्याचा खर्च गरजू कुटुंबास विद्यार्थी निधीतून द्यावा. पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून एक महिन्याची रक्कम आम्ही आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहोत. दुपारच्या खुल्या बैठकीत हा ठराव मतास टाकावा, अशी अध्यक्ष महाराजांस विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.