हात पायावर, मन धुऱ्यावर



आपल्या दिंडीला १०० वर्षं झाली. मंडळी म्हणाली, महाराज, प्रेमभक्तीवर बोला. आम्ही चौथी शिकलेलो, धान पिकवणारं माणूस. पोथीतलं जाणते सांगतील. आम्ही आमचाच हिशेब तुमच्यापुढं ठेवतो.

वारीत लहानमोठा पाहत नाहीत. बाप लेकाच्या पाया पडते. आमचा लहान भाऊ याच दिंडीत चालते. घरी मात्र बांधीच्या धुऱ्यावरून आमचं बोलणं बंद. वीतभर माती इकडं का तिकडं, एवढंच. दर वारीत आम्ही एकमेकांच्या पाया पडलो, नेम मोडला नाही. पण हात पायावर अन् मन धुऱ्यावर! आणि रात्री कीर्तनात आम्हीच सांगत होतो, जीवमात्रात देव पाहा.

एका आषाढीला नामदेव पायरीशी माथा टेकला. समोर चोखोबांची समाधी. जिवंतपणी त्यांना देवळात येऊ दिलं नाही, तरी त्यांनी देवाला सोडलं नाही. आम्ही वीतभर मातीसाठी भाऊ सोडला. लाज वाटली.

गावी आल्यावर भावाच्या दारी गेलो. म्हटलं, "बाबू, धुरा तुझ्या मनानं टाक." तो बोलला नाही. भावसुनेनं पाण्याचा तांब्या ठेवला. पाणी पिऊन उठलो. वाटेत मन म्हणते, आपण एवढं वाकलो, तरी हा बोलला नाही! तिथंच आमची चोरी सापडली. आम्ही माया द्यायला गेलोच नव्हतो, बदल्यात काही घ्यायला गेलो होतो. ही भक्ती नाही, बाजार झाला.

पुंडलिकानं आईबापाच्या सेवेतून वीट फेकली. देव तिच्यावर उभा राहिला. 'किती वेळ लावशील?' असं त्यानं विचारलं नाही.

तेव्हापासून रोज हरिपाठ झाला की आम्ही मनाला एकच विचारतो, आज कोणावर अट घालून माया केली? रोज काही ना काही सापडतेच. भाऊ अजून बोलत नाही. रोवण्यात त्याच्या बांधीला पाणी कमी पडलं तं आमच्या बांधीतून सोडतो. मन कुरकुर करते. ती कुरकुर आता आम्हाला ऐकू येते, एवढीच पांडुरंगाची कृपा.

माउलीहो, आज एकमेकांच्या पाया पडाल, तेव्हा हात कुठं आहे ते सगळ्यांना दिसेल. मन कुठं आहे ते ज्याचं त्यानं पाहावं.

रामकृष्णहरी.