कागदावरचें वय



आजचा विषय विद्यार्थ्यांचा आहे. परंतु तो मी मुख्यतः त्यांच्या आईबापांपुढें मांडणार आहें. अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच आपण वयांत आलों असें भासविण्याकरितां खोटा, किंवा दुसऱ्याचा, ओळखीचा कागद पुढें करण्याची जी रीति शाळा-महाविद्यालयांतील मुलांत आढळते, तिच्याविषयीं मला बोलावयाचें आहे. कोणी आधार कार्डाच्या चित्रांतील जन्मसालाचा एक आंकडा मोबाइलवर बदलतो आणि त्याची झेरॉक्स काढतो. कोणी थोरल्या भावाचें कार्डच खिशांत घालून जातो. मुलाच्या दृष्टीनें ही एक लहानशी युक्ति असते. एका आंकड्यानें कोणाचें काय बिघडणार, असें तो विचारतो. त्या प्रश्नाचें उत्तर द्यावें, एवढाच या भाषणाचा हेतु.

हा विषय निघाला कीं शहरांतील सुशिक्षित घरांना मद्यगृहें आणि श्रीमंतांचीं मुलें आठवतात. म्हणून मी आपणांस प्रथम पुण्याबाहेर नेतों. शिरूर तालुक्यांत न्हावरें नांवाचें गांव आहे. शिरूरहून चौफुल्यास जाणारा रस्ता आणि तळेगांव, चाकण, शिक्रापूर या बाजूनें श्रीगोंद्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग या गांवावरून जातात. घोडगंगा सहकारी साखर कारखान्याचें हेंच ठिकाण. अष्टविनायकांपैकीं रांजणगांवचा गणपति याच तालुक्यांत. आणि त्या देवाच्या गांवीं आतां मोठी औद्योगिक वसाहतही उभी आहे. ऊंस, कारखाने आणि महामार्ग यांच्यामध्यें वाढणाऱ्या मुलाला अठरा वर्षांचें होण्याची घाई शहरांतल्या मुलापेक्षां कमी नसते. त्याच्या घाईला पुष्कळदां गरजेचीही जोड असते. मी पुढें जीं दोनतीन उदाहरणें घेणार आहें, तीं न्हावऱ्याच्या कोणा व्यक्तीचीं नव्हेत. अशा कोणत्याही गांवांत कायद्याशीं गांठ कशी पडते, तें समजावें म्हणून घेतलेलीं आहेत.

तत्पूर्वीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. वयाचा कागद आपल्याकडे फार जुना नाहीं. १८९१ सालीं संमतिवयाच्या कायद्यानें मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हां पुण्यांत केवढा वाद माजला हें आपणांस ठाऊक आहे. पुढें १९२९ चा सारडा कायदा झाला. कायदे वयावर उभे राहिले. पण खेड्यापाड्यांत वय लिहिलेलें होतें कोठें? दुष्काळाच्या आधींचा किंवा पुरानंतरचा, अशीच जन्माची गणना चाले. जन्ममृत्यूंच्या नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा आहे. बाप मुलाचा हात धरून त्याला शाळेंत घेऊन जाई, मास्तर मुलाकडे पाहून अंदाज बांधीत, आणि शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें म्हणून रजिस्टरांत १ जून ही तारीख घालीत. आपल्या सरकारी कचेऱ्यांतून ३१ मे रोजीं एकदम कितीतरी माणसें सेवानिवृत्त होत आलीं आहेत, त्याचें मूळ मास्तरांच्या त्या लेखणींत आहे.

त्यांत कपट नव्हतें. परंतु त्यामुळें एक समजूत मात्र घरोघर रुजली, कीं जन्मतारीख ही घडलेली गोष्ट नसून सोयीप्रमाणें लिहावयाची गोष्ट आहे. लवकर शाळेंत घालावयाचें असेल तर एक वर्ष वाढवावें, नोकरी अधिक काळ टिकावयाची असेल तर दोन वर्षें कमी करावीं, असा सल्ला वडीलधारीं माणसें मुलांच्या देखतच देत आलीं. आजचा मुलगा मोबाइलवर आंकडा बदलतो, तेव्हां तो हीच समजूत पुढें चालवीत असतो.

आतां पहिलें उदाहरण कामाचें. समजा, अकरावींत शिकणारा सोळा वर्षांचा एक मुलगा सुटींत चार पैसे मिळवावे म्हणून कंत्राटदाराकडे गेला. अठरा वर्षांचा पुरावा मागितला, तेव्हां त्यानें थोरल्या भावाचें कार्ड दिलें. १९८६ चा बालकामगारांविषयींचा कायदा २०१६ सालीं दुरुस्त झाला. तेव्हांपासून चौदा ते अठरा या वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावण्यास मनाई आहे. लावणाऱ्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. हें संरक्षण मुलाच्या सोळाव्या वर्षाला आहे. कार्डावरच्या एकोणिसाव्या वर्षाला नाहीं. उद्यां यंत्रांत त्याचा हात सांपडला, तर हजेरीपटावर नांव भावाचें, विम्याची वर्गणी भावाच्या नांवाची, आणि हा मुलगा त्या ठिकाणीं कामास होता याला कागदाचा आधारच नाहीं. भरपाई मागावयाची तर आपण खोटें नांव सांगितलें, हें प्रथम कबूल करावें लागणार. कंत्राटदार मात्र म्हणूं शकतो, 'मीं कागद पाहून घेतला होता.' खोटा कागद आपल्या उपयोगी पडला असें मुलाला वाटत असतें. प्रसंग आला म्हणजे तो दुसऱ्याच्याच उपयोगी पडतो.

दुसरें उदाहरण वाहनाचें. भावाचा परवाना खिशांत ठेवून मोटारसायकल घेऊन जाणारा विद्यार्थी आपण सर्वांनीं पाहिला असेल. मोटार वाहन कायद्यांत २०१९ च्या दुरुस्तीनें १९९ अ हें कलम आलें. अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. आपणांस हें ठाऊक नव्हतें, किंवा तें टाळण्याची आपण योग्य ती खटपट केली होती, असें त्यानें सिद्ध केलें नाहीं, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांकरितां रद्द होते. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. सोळाव्या वर्षीं दोन वर्षांची वाट टाळावयास निघालेल्या मुलाला मग नऊ वर्षें वाट पाहावी लागते. ज्या घरांत उसाचा ट्रॅक्टर चालवावयास दुसरें माणूस नाहीं, त्या घराला या नऊ वर्षांची किंमत विचारावी.

तिसरें उदाहरण अधिक दुःखाचें आहे, कारण तेथें आंकडा मुलगी बदलीत नाहीं. घरचीं माणसें बदलतात. दहावींत शिकणाऱ्या मुलीचें लग्न ठरतें, आणि ती सज्ञान आहे असें दाखविण्यासाठीं कार्डावरील साल फिरविलें जातें. २००६ च्या कायद्यानें वधूचें वय अठरा व वराचें एकवीस पाहिजे. वयाचा प्रश्न न्यायालयापुढें आला म्हणजे प्रथम शाळेची नोंद किंवा शालान्त परीक्षेचें प्रमाणपत्र पाहतात. तें नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२४ मध्यें स्पष्ट म्हटलें आहे. म्हणजे ज्या कागदावर मांडव घातला तो कागद न्यायालयाच्या दारांतच गळून पडतो. त्याच न्यायालयानें ऑक्टोबर २०१७ मध्यें असेंही ठरविलें, कीं पत्नी अठरा वर्षांहून लहान असेल तर तिच्याशीं पतीचा शरीरसंबंध हा बलात्कार होय. जांवई तुरुंगांत, मुलगी बाळंतिणीच्या खाटेवर आणि तिचें शिक्षण दहावीच्या बाकावरच संपलेलें: एका आंकड्यानें काय बिघडतें, तें येथें दिसतें.

येथून पुन्हां शहराकडे येऊं. महाराष्ट्रांत सौम्य बिअर पिण्यास एकवीस आणि कडक मद्य घेण्यास पंचवीस वर्षांची मर्यादा आहे. १९४९ चा दारूबंदीचा कायदा त्याच्या मुळाशीं आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरांत एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीनें मोटारसायकलवरील एक तरुण व एक तरुणी, दोघेही अभियंते, ठार झालीं. त्या रात्रीं तो मित्रांसह दोन ठिकाणीं मद्य प्याला होता, आणि त्याचें वय कोणीं पडताळून पाहिलें नव्हतें, असा पोलिसांचा आरोप आहे. त्याच दिवशीं मुलाला जामीन मिळाला. रस्त्यावरील अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहावा, ही त्यांतील एक अट होती. लोक संतापले. पुढें आरोप आला तो असा, कीं ससून रुग्णालयांत मुलाच्या रक्ताचा नमुना बदलून त्याच्या जागीं त्याच्या आईचें रक्त ठेवण्यांत आलें. दोन डॉक्टरांना अटक झाली, आईबापांनाही झाली.

दाव्याचा निकाल न्यायालयें देतील. आपण फक्त एवढें पाहावें, कीं मुलानें भावाचें कार्ड दाखविणें आणि मोठ्यांनीं एकाच्या नांवावर दुसऱ्याचें रक्त ठेवणें, या दोहोंची जात एकच आहे. आडांत नसेल तर पोहऱ्यांत कोठून येणार? त्या मुलाचा खटला सज्ञान माणसाप्रमाणें चालवावा ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळानें जुलै २०२५ मध्यें अमान्य केली. यावरही पुष्कळांनीं राग धरला, आणि तो समजण्यासारखा आहे. तथापि ज्या खऱ्या वयानें कल्याणीनगरच्या मुलाला आश्रय दिला, तेंच वय न्हावऱ्यासारख्या गांवांतील गरीब मुलाचाही आश्रय आहे. कायद्यानें तो आश्रय दोघांनाही सारखाच दिला आहे.

आणि माझें मुख्य म्हणणें हेंच आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत, आधार कार्डासारखें सरकारी ओळखपत्र बनावट करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. सतरा वर्षांचा विद्यार्थी या गुन्ह्यांत सांपडला, तर तो मोठ्यांच्या तुरुंगांत न जातां बाल न्याय मंडळापुढें जातो. आणि त्याचा डाग त्याच्या पुढील आयुष्यास लागूं नये, अशी तजवीज २०१५ च्या बाल न्याय कायद्यांत आहे. परंतु हा लाभ मिळविण्याकरितां त्याला काय सिद्ध करावें लागतें? आपलें खरें वय! ज्या वयाची लाज वाटून त्यानें तें लपविलें, त्याच वयाचा दाखला घेऊन त्याच्या बापाला शाळेच्या कचेरींत धांवावें लागतें. आणि सोयीनें वाढविलेलें वर्ष शाळेच्या रजिस्टरांतच असेल, तर परतावयास वाटच उरत नाहीं. वयाची मर्यादा म्हणजे मुलाला अडविण्यासाठीं घातलेलें कुंपण, असें त्याला वाटतें. तें त्याच्या राखणीचें कुंपण आहे, आणि खोट्या कागदानें तो तें आंतून मोडतो.

मग नुसते कागद अधिक कडकपणें तपासले म्हणजे झालें काय? अमेरिकेचा अनुभव तसा नाहीं. तेथें १९८४ च्या कायद्यामुळें सर्व संस्थानांत मद्यासाठीं एकवीस वर्षांची मर्यादा आली. आणि महाविद्यालयांतील मुलांत बनावट व उसने परवाने हा नित्याचा प्रकार होऊन बसला. तपासणी हवीच. दुकानदारानें, कंत्राटदारानें झेरॉक्सवर न भागवितां मूळ कार्ड मागावें, त्यावरील क्यूआर कोड तपासावा, छायाचित्र आणि समोरचा चेहरा ताडून पाहावा. परंतु चौकीदार कितीही ठेवले तरी घरचें दार घरच्यांनींच लावावें लागतें.

घरच्यांनीं तीन गोष्टी कराव्या. पहिली, मुलाचा जन्मदाखला, शाळेंतील नोंद आणि आधार कार्ड या तिहींवरची तारीख एकच आहे ना, हें दहावीच्या परीक्षेपूर्वीं पाहावें. चूक असेल तर ती शाळेंत असतांनाच रीतसर दुरुस्त करून घ्यावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा अमलांत आला असून त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून वाहनाच्या परवान्यापर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागणार आहे. त्यांच्या आईबापांना तर ही हयगय मुळींच परवडणार नाहीं. दुसरी, 'एवढें चालतें' हें वाक्य घरांत मुलांसमोर उच्चारूं नये. गाडीच्या तिकिटासाठीं पांच वर्षांच्या मुलाला चार वर्षांचें म्हणणारी आई त्याला पहिला धडा तेथेंच देते. तिसरी, मुलाची गरज खरी असेल तर तिला खरी वाट दाखवावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि विद्यार्थ्यानें श्रम करून शिकावें हें तत्त्व महाराष्ट्राच्या अंगीं लावलें. पुणें विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून 'कमवा आणि शिका' ही योजना चालते. जेथें स्वतःच्या नांवानें, स्वतःच्या वयांत काम करतां येतें, तेथें भावाचें कार्ड मागण्याची वेळ येत नाहीं.

विद्यार्थिमित्रांना शेवटीं एवढेंच सांगावयाचें, कीं अठरावें वर्ष कोणालाही उसनें आणावें लागत नाहीं. तें न बोलावतां, ठरल्या दिवशीं येतें. तोंवर आपल्या खऱ्या वयाचा दाखला नीट जपून ठेवा. अडचणीच्या वेळीं तोच तुमच्या बाजूनें बोलेल.