देवळाची पायरी आणि आपली मुले

(कळसारोहण समारंभात केलेले भाषण)



ग्रामदैवताच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या देणगीने व श्रमदानाने आज कळस चढला. समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी तालुका कचेरीतला कारकून, विद्वान नव्हे. रोज जे पाहतो तेवढेच सांगतो.

कचेरीत आईबाप अपंग मुलाला, म्हणजे ज्याला आता आपण दिव्यांग म्हणतो त्याला, पाठुंगळी घेऊन येतात. दाखला, सवलत यांची चौकशी करतात. "हा खेळतो कोणाबरोबर?" असे विचारले की गप्प होतात. शाळेत नाव असते, पण शाळा सुटली की मूल ओट्यावर एकटे. जत्रेत त्याला कडेवर घेऊन दर्शन घडवतात आणि लगेच घरी आणून बसवतात. अन्न मिळते, औषध मिळते, सोबती मिळत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २९ वे कलम सांस्कृतिक जीवन व करमणुकीचे आणि ३० वे खेळांचे आहे. परंतु कायदा काही "चल रे खेळायला" म्हणून दारात हाक मारीत नाही. ती हाक गावानेच मारली पाहिजे.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ साली जर्मनीत हायडलबर्ग येथे पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांच्या हाताला लहानपणीच इजा झाली. २०२४ साली पॅरिसला त्यांनी गोळाफेकीत रौप्यपदक घेतले. प्रत्येक मूल पदक आणील असे नाही. आपली बाकीची मुले तरी कुठे पदकासाठी खेळतात?

टाळ, पेटी, पखवाज बसूनही वाजवतात. भजनात अशा मुलाला जागा द्या. क्रिकेटमध्ये फटका त्याने मारावा, धावायला दुसरा द्यावा. व्हॉलीबॉल तर जमिनीवर बसूनही खेळतात, जाळे तेवढे खाली बांधायचे. त्याला नुसते गुण मोजायला बसवू नका.

आता मुख्य विनंती. सभामंडपासमोरच्या चार पायऱ्यांचे काम शिल्लक आहे. सहा इंचांची एक पायरी धरली तर उंची दोन फूट होते. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो, म्हणजे एकूण चोवीस फूट. सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून वळवता येईल. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंस कठडा आणि फरशी खरखरीत असावी. गुळगुळीत फरशी पावसात घसरते. त्याच उतारावरून आपली म्हातारी माणसेही चढतील.

ज्यांची पावती अजून फाडायची आहे त्यांनी या उतारासाठी यथाशक्ती हातभार लावावा. पुढच्या जत्रेत आपल्या गावचे प्रत्येक मूल कोणाच्या कडेवर न बसता देवासमोर यावे आणि टाळ हातात घेऊन आपल्या सवंगड्यांत बसावे, एवढीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!