नरनाळ्यावर एकटा



गेल्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे जपानातून पत्र आले. तो तिकडे नोकरीस आहे. सुटीच्या दिवशी तो एकटाच हिमेजीचा किल्ला पाहून आला होता. १६०९ साली पुरा झालेला तो लाकडी बालेकिल्ला बाहेरून पाच मजल्यांचा दिसतो, परंतु आत सहा मजले आणि शिवाय तळघर! पांढऱ्या गिलाव्यामुळे लोक त्यास बगळ्याची उपमा देतात. आत शिरताना पायातील जोडे हातात घ्यावे लागतात. वाटा मुद्दाम अशा वळविलेल्या की शत्रूने दरवाजाच चुकावा. हे सारे त्याने मोठ्या बारकाईने लिहिले होते. पत्राच्या शेवटी मात्र एकच ओळ होती : 'गुरुजी, आपण आम्हांस नरनाळा शिकविलात. आपण तो कधी पाहिला होतात काय?'

पाहिला नव्हता. रोहिणखेडास राहून मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो की, १४३७ साली आपल्या या गावापाशी मोठी लढाई झाली. खानदेशचा नासिरखान फारुकी याची कन्या बहामनी सुलतान अलाउद्दीन अहमद यास दिलेली होती. सुलतानाचे मन संगमेश्वरच्या राजकन्येवर जडले. मुलीने बापाकडे गाऱ्हाणे नेले आणि बाप वऱ्हाडात फौज घेऊन उतरला. वऱ्हाडचे बरेच सरदार त्यास मिळाले. सुभेदार खानजहान तेवढा धन्याशी इमान राखून नरनाळ्यात शिरला व तेथे कोंडला गेला. पुढे बहामनी सेनापती खलफ हसन आला, खानजहान गडाबाहेर पडून त्यास मिळाला आणि रोहिणखेडास नासिरखानाचा मोड झाला. तो पळाला तो थेट धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यात. एवढे फळ्यावर लिहिले की माझा तास संपे.

पत्राला काय उत्तर लिहावे हे सुचेना. माझे एक सहकारी शिक्षक व मी दर उन्हाळ्यात नरनाळ्याचा बेत करीत असू, आणि दर उन्हाळ्यात काही ना काही निघे. ते आता राहिले नाहीत. तेव्हा मार्गशीर्षात मी एकटाच निघालो. मोताळ्यावरून मलकापूर, तेथून आगगाडीने अकोला, मग अकोट, आणि अकोटहून पायथ्याचे शहानूर. घरच्यांना हा बेत मुळीच पसंत नव्हता. या वयात गड कसले चढता, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच खोटे होते असेही नाही.

एकटा म्हणून गेलो खरा. परंतु हा गड हल्ली मेळघाटच्या वाघांच्या मुलखात मोडतो. नाक्यावर माझे नाव लिहून घेतले आणि एक कोरकू तरुण वाटाड्या माझ्याबरोबर दिला. तो मितभाषी होता, हे माझे भाग्य. मास्तर मनुष्यास सोबती मिळाला की तो पाहण्याचे सोडून सांगू लागतो.

दरवाजामागून दरवाजा ओलांडीत आम्ही महाकाली दरवाजापाशी आलो. पिवळसर पांढऱ्या दगडाची ती उंच कमान, दोन्ही अंगांचे नक्षीदार सज्जे, दगडात उमललेली कमळे आणि वर कोरीव अक्षरांची पट्टी पाहून मी मटकन खालीच बसलो. खानजहान याच दारातून बाहेर पडला असे चित्र माझ्या मनात कित्येक वर्षे होते, आणि मुलांपुढेही मी ते तसेच रंगविले होते. परंतु हा दरवाजा फत्तेउल्ला इमादुल्मुल्काने १४८७ साली बांधला. म्हणजे खानजहान बाहेर पडल्यावर तब्बल पन्नास वर्षांनी! दोन्ही साले मला मुखोद्गत होती. ती एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचे मात्र कधी सुचले नव्हते. त्यासाठी दारात येऊन बसावे लागले.

गड समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट उंच आहे आणि त्याचा माथा विस्तीर्ण आहे. नरनाळ्याच्या पूर्वेस जाफराबाद व पश्चिमेस तेलियागड हे दोन जोडकिल्ले. नऊगजी तोफ पाहिली. राणीमहाल पाहिला, त्याच्या कमानी अजून उभ्या आहेत. पण माझे मन गुंतले ते पाण्यात. गडावर बावीस तळी असल्याचे जुन्या वर्णनांत नमूद आहे. सक्कर तलावाच्या काठी आम्ही शिदोरी सोडली. भाकरी खाता खाता मनात आले, कोंडलेल्या माणसांनी रोज सकाळी प्रथम हेच पाणी पाहिले असेल, काल होते त्याहून किती खाली गेले ते. माझ्या फळ्यावर नासिरखानाची स्वारी आणि त्याचा पराभव यांच्यामध्ये एक रेघ असे. ते सारे दिवस मी त्या रेघेत घालविले होते.

वाटाड्याने विचारले, "बाबा, तुमचं गाव कोणीकडे?"

मी नैऋत्येच्या धुक्याकडे बोट दाखविले आणि अखेर मास्तरकी केलीच; सबंध हकीकत त्यास सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली, तळ्याकडे एकवार पाहिले व म्हणाला, "म्हणजे मदत येईपावेतो पाणी पुरलं म्हणायचं."

सांजेपूर्वी गड उतरणे भाग होते. उतरताना गुडघ्यांनी घरच्यांची बाजू घेतली. रात्री अकोटास मुक्काम केला आणि तेथेच विद्यार्थ्यास पत्र लिहावयास बसलो. महाकाली दरवाजाची चूक प्रथम लिहिली, कारण त्याच्या वर्गातील चाळीस मुले ती अजून खरी मानीत असतील. मग त्या तरुणाचे वाक्य जसेच्या तसे उतरविले, आणि हिमेजीच्या किल्ल्यात पाण्याची सोय कशी आहे ते पाहून कळीव, असे खाली लिहिले.