पावसाळी प्रवासापूर्वी मोटारीची निगा : वायपर, दिवे आणि फ्यूज

(भाषणाचा मजकूर)



नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाईची स्थापना होते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या सुरत शहराच्या भागांत यंत्रमागांवर आणि कापड गिरण्यांत राबणारी असंख्य मराठी कुटुंबे मूळची जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील आहेत. रोटांच्या या सणाला गावी पोहोचण्याची ओढ त्यांना अनावर असते. उधना–जळगाव लोहमार्गावरील गाड्यांत त्या सुमारास पाय ठेवावयास जागा मिळत नाही. ज्याच्या दारी मोटार आहे, किंवा ज्याने दोन-तीन कुटुंबांत मिळून ती ठरविली आहे, तो शनिवारी रात्री पाळी सुटल्यावर निघतो आणि पहाटेपर्यंत गाव गाठण्याचा बेत करतो.

हा मार्ग बारडोली, व्यारा, सोनगड असा नवापूरला येतो. १ मे १९६० पूर्वी सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. आज राज्यांची सीमा नवापूरच्या रेल्वे स्थानकातून जाते आणि फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात तर दुसरा गुजरातेत पडतो. नवापूरनंतर विसरवाडी आणि त्यापुढे कोंडाईबारीचा घाट. श्रावणातील रात्र, घाटातील वळणे, समोरून येणाऱ्या मालमोटारींचा झोत आणि काचेवर पडणारा पाऊस अशा वेळी एंजिन कितीही उत्तम असले तरी प्रवाशांची सुरक्षितता दोनच गोष्टींवर येऊन ठेपते. चालकाला रस्ता दिसला पाहिजे आणि इतरांना ही मोटार दिसली पाहिजे. पहिली गोष्ट रबराच्या एका पट्टीवर आणि दुसरी बोटाएवढ्या बल्बवर अवलंबून असते. हे दोन्ही भाग मोटारीच्या सर्वांत स्वस्त भागांपैकी आहेत, आणि म्हणूनच की काय, त्यांच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. आसनांची नवी आवरणे आणि कर्कश भोंगा यांसाठी खर्च करणारा वाहनधारक वायपरची पट्टी मात्र 'चालते अजून' म्हणून पुढच्या वर्षावर ढकलतो.

काच पुसण्याच्या या साधनाचा इतिहास शंभर वर्षांहून थोडा अधिक आहे. अमेरिकेतील मेरी अँडरसन या महिलेने न्यूयॉर्कमध्ये ट्रामच्या चालकाला हिमवर्षावात काच उघडी ठेवून गाडी हाकताना पाहिले आणि आतून हाताने फिरविता येईल अशी रबरी पट्टीची योजना केली. तिला १९०३ साली त्याचे पेटंट मिळाले. आपल्याकडील जुने ट्रकचालक वायपर बंद पडला की भिजविलेली तंबाखू काचेवर चोळीत. त्यामुळे पाण्याचे थेंब न राहता त्याचा पातळ पापुद्रा पसरतो व थोडा वेळ दिसू लागते. अडल्या वेळचा हा उपाय ठीक होता, पण घाटात दर पाच मिनिटांनी खाली उतरून काच चोळणे कोणालाच परवडणारे नाही.

वायपरची पट्टी पावसाने खराब होत नाही, उन्हाने होते. चैत्र-वैशाखात दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटारीचे रबर कडक होते, त्याची कड चिरते, आणि जूनमध्ये पहिली सर आली म्हणजे दोष उघडकीस येतो. पट्टी काचेवर ज्या रीतीने फिरते त्यावरून दोष ओळखता येतो. काचेवर पाण्याच्या बारीक समांतर रेघा राहत असतील तर रबराच्या कडेला कण चिकटले आहेत किंवा ती कातरली गेली आहे. मध्येच एक रुंद पट्टा कोरडा होत नसेल तर पट्टीची चौकट वाकली आहे किंवा दांड्याच्या स्प्रिंगचा दाब कमी झाला आहे. एका दिशेला नीट सरकून परतताना ती थरथरत, 'टर्र टर्र' करीत येत असेल तर रबर एका बाजूला कायमचे वळले आहे. निरोगी रबराची कड प्रत्येक फेरीच्या शेवटी उलटते. कडक झालेली कड उलटत नाही, म्हणून ती काचेवर उड्या मारते. समोरून दिव्यांचा झोत येताच सारी काच दुधासारखी पांढरी होत असेल तर मात्र दोष बहुधा पट्टीचा नसून काचेवर बसलेल्या तेलकट धुराच्या थराचा असतो. उधन्यासारख्या औद्योगिक वस्तीत रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर असा थर लवकर साचतो. यास्तव नवी पट्टी घेण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने काच आणि ओल्या फडक्याने रबराची कड पुसून पाहावी; पुष्कळदा खर्च वाचतो. या कामी रॉकेल किंवा डिझेल कदापि वापरू नये, कारण त्याने रबर फुगते आणि काचेवर नवा थर चढतो तो निराळाच.

पट्टी बदलावयाची ठरल्यास प्रथम जुनी पट्टी टेपने मोजावी. बहुतेक मोटारींत दोन्ही पट्ट्या सारख्या लांबीच्या नसतात; चालकाच्या बाजूची सहसा लांब असते. दुकानदाराला केवळ मोटारीचे नाव सांगण्यापेक्षा दोन्ही मापे सांगणे बरे. जुन्या धर्तीच्या धातूच्या चौकटीत नुसते रबर बदलता येते व ते आणखी स्वस्त पडते; मात्र रबराच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत असलेल्या पोलादी पात्या जशा होत्या तशाच परत बसवाव्यात.

प्रत्यक्ष काम पाच मिनिटांचे आहे. दांडा काचेपासून उचलून उभा करावा. काही नव्या मोटारींत दांड्याचे मूळ बॉनेटच्या कडेखाली दडलेले असते. तेथे माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे वायपर काचेच्या मध्यावर आणून मगच उचलावेत, नाहीतर बॉनेटचा रंग खरवडतो. दांड्याचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. पट्टी दांड्याशी काटकोनात फिरवून सांध्यातील छोटी प्लास्टिकची जीभ दाबावी आणि पट्टी दांड्याच्या मुळाकडे सरकवावी, म्हणजे ती आकड्यातून सुटते. नवी पट्टी उलट क्रमाने वर ओढावी. 'टक' असा आवाज आला म्हणजे ती बसली. या पाच मिनिटांत एक धोका मात्र खरा आहे. पट्टी काढलेला उघडा दांडा हातून निसटला तर स्प्रिंगच्या जोराने तो काचेवर आपटतो आणि काचेला तडा जातो. शंभर-दोनशे रुपयांचे काम हजारो रुपयांवर जाण्याचा हा राजमार्ग होय. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी जाड टॉवेलची घडी काचेवर पसरून ठेवावी आणि पट्टी बसेपर्यंत काढू नये. कोरड्या काचेवर वायपर फिरवू नयेत. पाण्याचा फवारा येत नसेल तर त्याच्या छिद्रात अडकलेला कचरा टाचणीने हलकेच काढावा.

आता दिव्यांकडे वळावयास हरकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार रात्री चालणाऱ्या वाहनाचे पुढील दिवे असे असावेत, की १५५ मीटर अंतरावरील माणसे व वाहने स्पष्ट दिसावीत. मागील तांबडा दिवाही तितक्याच अंतरावरून दिसला पाहिजे. हा आकडा कागदी नव्हे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो आणि ओल्या रस्त्यावर मोटार थांबेपर्यंत एकूण ५० मीटरांहून अधिक अंतर सहज संपते. एकच दिवा लागत असलेली मोटार समोरच्याला रात्री मोटारसायकल वाटते आणि तो तिच्यासाठी तेवढीच जागा सोडतो.

अनेक मोटारींत पुढील दिव्यासाठी दोन तारांचा हॅलोजन बल्ब असतो, ज्याला दुकानात 'एच-फोर' म्हणतात. तो १२ व्होल्टचा व ६०/५५ वॅटचा असतो. नुकताच विझविलेला बल्ब अतिशय तापलेला असल्याने तो निवेपर्यंत थांबावे. बॉनेट उघडून दिव्याच्या मागील तीन पात्यांची जोडणी सरळ ओढून काढावी, रबरी टोपी काढावी, तारेची चाप दाबून बाजूला करावी, म्हणजे बल्ब हाती येतो. नवा बल्ब बुडाच्या धातूला धरूनच उचलावा. काचेला बोट लावू नये. हातावरचे तेल काचेला लागले की ती जागा अधिक तापते व बल्ब अकाली जातो. चुकून बोट लागलेच तर स्पिरिटने पुसावे. बल्बच्या चकतीला तीन कान असतात आणि ते अशा रीतीने मांडलेले असतात की बल्ब एकाच पद्धतीने बसावा. तो जबरदस्तीने तिरका कोंबला तर झोत वर जातो. स्वतःला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात. शेवटी रबरी टोपी घट्ट बसली की नाही हे पाहावे, एरवी पावसाची वाफ आत शिरते.

अधिक उजेडाच्या हौसेने १०० वॅटचे बल्ब बसविण्याची रीत अजून गेलेली नाही. त्यातील हिशेब सोपा आहे. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह घेतो, १०० वॅटचा आठहून अधिक. दोन दिव्यांचे दहाचे सतरा अँपिअर होतात आणि हा भार मूळच्याच बारीक तारांवर पडतो. होल्डर वितळतो, तारेचे आवरण करपते, आणि कित्येकदा चालकाला धुराचा वास येईपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय हे बल्ब नियमात बसत नाहीत.

मागील दिव्यांची गोष्ट निराळी, कारण ते चालकाला दिसतच नाहीत. ब्रेकचा दिवा गेला आहे हे ज्याला कळावयास हवे त्याला ते सर्वांत शेवटी कळते. डिकीतील आच्छादन बाजूला करून होल्डर फिरविला की बल्ब बाहेर येतो. खिट्ट्यांचा बल्ब किंचित आत दाबून डावीकडे वळवावा लागतो, तर नुसत्या काचेच्या बुडाचा बल्ब सरळ ओढावा लागतो. एकाच बल्बमध्ये ब्रेकची २१ वॅटची आणि मागील दिव्याची ५ वॅटची तार असेल तर त्याच्या दोन खिट्ट्या खालीवर असतात. त्या न पाहता उलटा दाबून बसविल्यास मागचा दिवा सदैव ब्रेकसारखा भगभगतो आणि ब्रेक दाबल्याचे मागच्याला उमगत नाही. ब्रेक दाबला असता इंडिकेटरही मंद लुकलुकू लागला तर बल्ब बदलण्यात अर्थ नाही. तेथे अर्थिंगच्या जोडणीला गंज चढलेला असतो, तो पॉलिश कागदाने घासून काढावा. याउलट एका बाजूचा इंडिकेटर एकाएकी फार जलद टिकटिकू लागला तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला असे समजावे. आतील टिकटिक ही गडबड करीत नसून सूचना देत असते.

दोन्ही बाजूंचे दिवे अथवा वायपर एकदम बंद पडले तर प्रथम फ्यूज पाहावा. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर नकाशा असतो आणि फ्यूजचे रंग ठरलेले असतात : १० अँपिअरचा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. ज्या रंगाचा गेला त्याच रंगाचा बसवावा. सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून काम भागविणारे कलाकार प्रत्येक गल्लीत भेटतात. मागाची मोटर जळू नये म्हणून कारखान्यात योग्य फ्यूजचा आग्रह धरणारा कारागीर स्वतःच्या गाडीत मात्र चांदी कोंबतो, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. तोच फ्यूज पुन्हा लगेच उडाला तर तारेत दोष आहे आणि ते काम वायरमनचे आहे. एलईडीचे बंदिस्त दिवे, ब्रेकची यंत्रणा, सुकाणू व एअरबॅग यांनाही घरी हात लावू नये.

ही सर्व तपासणी शनिवारी दुपारी, गाडीत सामान भरण्यापूर्वी करावी. उधन्याच्या गल्लीत मागाच्या शेडचे लोखंडी शटर समोर असतेच. त्याच्याकडे तोंड करून मोटार उभी केली आणि दिवे लावले की शटरवर दोन सारख्या उंचीची वर्तुळे उमटली पाहिजेत. मग मोटार वळवून पाठ शटरकडे करावी आणि घरातील एखाद्या मुलीला मागे उभे करावे. आतून एकेक बटण दाबावे, ब्रेकवर पाय द्यावा, आणि तिने 'डावा', 'उजवा', 'ब्रेक', 'नंबरचा' असे ओरडून सांगावे. ती ज्या नावाला गप्प राहील तो बल्ब त्याच वेळी नाक्यावरच्या दुकानातून आणावा, आणि त्याच्याबरोबर एक जादा २१ वॅटचा बल्ब व दोन-तीन फ्यूज टॉर्चसह डिकीत ठेवावे. सोनगडच्या पुढे रात्री बारा वाजता ते मिळत नाहीत.